मिरगाच्या अलीकडे-पलीकडे: दरवर्षी विचारले जाणारे प्रश्न

मे महिना अर्धा सरला की माझा फोन वाजायला लागतो. जुने विद्यार्थी, त्यांची मुलं, आळीतल्या मावश्या, पुण्या-मुंबईहून सुट्टीला आलेले पाहुणे. माणसं बदलतात, प्रश्न तेच. जुन्नर तालुक्यातल्या शाळेत 34 वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालो, तेव्हा एक गोष्ट पक्की झाली होती: जुन्या माणसांनी पाहिलेलं बहुतेक वेळा बरोबर निघतं, सांगितलेलं कारण मात्र बरेचदा हुकतं. खालची उत्तरं त्याच हिशेबानं वाचा. मेच्या मध्यापासून जूनच्या अखेरीपर्यंतच्या सहा-सात आठवड्यांतलेच प्रश्न घेतले आहेत, कारण माझ्या मते आपल्याकडे वर्षातले सगळ्यात गमतीचे दिवस हेच.

भर दुपारी सावली नाहीशी होते म्हणतात. खरंच होते?

होते, आणि त्यासाठी कुठे जावं लागत नाही. घराच्या गच्चीवर एक सरळ उभा पेला ठेवा, झालं काम.

सूर्य आपल्या डोक्यावर रोज येत नाही. हिवाळ्यात तो दुपारीसुद्धा दक्षिणेकडे कललेला असतो. उत्तरायणात रोज थोडाथोडा उत्तरेला सरकत सरकत एके दिवशी तो नेमका आपल्या गावाच्या अक्षांशावर येतो आणि त्या दुपारी किरणं सरळ खाली पडतात. उभ्या वस्तूची सावली मग तिच्या बुडाखालीच पडते. याला शून्य सावली दिवस म्हणतात. महाराष्ट्रात तो दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो. कोल्हापूरला साधारण 6-7 मे, पुण्याला 13-14 मे, मुंबईला 15-16 मे, आमच्या जुन्नरला 16 मेच्या आसपास, नाशिकला 20 मे, नागपूरला 26 मे. सूर्याची तबकडी आकाशात अर्धा अंश रुंद दिसते, त्यामुळे एक दिवस अलीकडे-पलीकडे झाला तरी फरक डोळ्यांना कळत नाही.

दिल्लीकर नातेवाइकांना हे दाखवता येत नाही. कर्कवृत्ताच्या उत्तरेला सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. हा मान आपल्याकडे.

शाळेत आम्ही मुलांना मैदानात ओळीनं उभं करायचो. एका वर्षी पाचवीतला एक पोरगा दोन्ही पाय जुळवून हलेचना. म्हणाला, ‘सर, सावली पायाखाली दाबून धरलीय, घरी नेतो.’

मग दुपारी बाराला पाहिलं तर सावली होती. चुकलं कुठे?

घड्याळात. आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशावर लावलेलं आहे, म्हणजे पार अलाहाबादच्या अंगाला. सूर्याला तिथून आपल्याकडे यायला प्रत्येक अंशामागे 4 मिनिटं लागतात. म्हणून मेच्या मध्यावर खरी मध्यान्ह पुण्यात 12 वाजून 31 मिनिटांच्या सुमारास होते, मुंबईत 12:35 ला, तर नागपुरात 12:10 च्या आसपासच. पावणेबारापासून जेवणाचं ताट बाजूला ठेवून बसलेल्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

वर्षातून एकदाच होतं का?

दोनदा. परतीच्या वाटेवर सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, नागपूरला जुलैच्या मध्याला, पुण्याला जुलैच्या अखेरीस. पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. मला आठवतं तसं एकदाच जुलैमध्ये दहा मिनिटं ऊन पडलं होतं, तेही साडेअकराला.

मृग दरवर्षी 7 जूनलाच कसा काय लागतो? बाकीचे सण तर मागे-पुढे होतात.

कारण सण चंद्रावर चालतात आणि पावसाची नक्षत्रं सूर्यावर. आकाशाच्या वाटेचे 27 भाग केले, त्यातल्या प्रत्येक भागात सूर्य 13-14 दिवस राहतो. रोहिणीतून मृगात तो 7 किंवा 8 जूनला येतो. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू असं करत शेतकऱ्यानं पावसाळ्याचं वेळापत्रक ताऱ्यांवर बेतलं. घरात कॅलेंडर नसताना हे फार हुशारीचं काम होतं.

एक बारीक मेख मात्र आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय हळू डोलतो. त्यामुळे ताऱ्यांच्या हिशेबाचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे 20 मिनिटांनी मोठं भरतं. 72 वर्षांत एक दिवस, हजार वर्षांत 14 दिवस. म्हणजे हजार वर्षांपूर्वी मिरूग आजच्या हिशेबानं मेच्या शेवटच्या आठवड्यात लागायचा. पाऊस आपल्या जागी आहे, मिरूगच पुढे सरकतोय.

आणि नक्षत्राचं वाहन? यंदा बेडूक आहे म्हणतात.

बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस, कोल्हा-मेंढा आले की ओढ, असं पंचांगात सांगतात. वाहन ठरतं ते सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजून त्याला 9 नं भागून उरलेल्या बाकीवर. गणित सोपं आहे, ढगांशी त्याचा संबंध नाही. शिवाय एकच बेडूक आंबोलीलाही लागू आणि माणदेशालाही. आंबोलीत वर्षाला 7000 मिलिमीटरच्या आसपास पडतो, माणदेशात 500 च्या आसपास. तरी आमच्या पारावर वाहनाची चर्चा झाल्याशिवाय बियाणं घरात येत नाही, आणि ती चर्चा मलाही आवडते.

2025 साली मिरगाआधीच पाऊस आला. हे कसं?

त्या वर्षी मोसमी पाऊस केरळात 24 मेला आणि मुंबईत 26 मेला पोचला. मुंबईची सर्वसाधारण तारीख 11 जून. हवामान खात्याच्या नोंदीत त्याआधी मुंबईतली सगळ्यात लवकरची तारीख 29 मे होती, 1956 ची. पण पुढचं कुणी फारसं लक्षात ठेवत नाही. मेअखेर धावत आलेला पाऊस जूनच्या मध्यापर्यंत जागीच थबकला. ज्यांनी पहिल्या सरींवर भरवसा ठेवून पेरलं त्यांचा जीव टांगणीला लागला. म्हणून म्हातारी माणसं सांगतात ते खरं: आलेल्या पावसावर पेरू नये, मुरलेल्या पावसावर पेरावं.

ऐन उन्हाळ्यात गारा पडतात आणि पावसाळ्यात पडत नाहीत. उलटं नको का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण यात आपली अक्कल आपल्यालाच फसवते. गार म्हणजे थंडी, थंडी म्हणजे हिवाळा, असं मन जोडत जातं.

गार जमिनीवरच्या थंडीनं होत नाही. ती 5 किलोमीटरच्या वर तयार होते, जिथे भर मे महिन्यातही पारा शून्याखाली असतो. प्रश्न एवढाच की पाणी तिथपर्यंत नेणार कोण आणि तिथे धरून ठेवणार कोण. ते काम तापलेली जमीन करते. उन्हानं भाजलेल्या मातीवरची हवा वर उसळते, दुपारनंतर ढगांचे मनोरे 12-15 किलोमीटर उंच चढतात आणि आतल्या वरच्या दिशेच्या वाऱ्यावर बर्फाचा दाणा झेलला जातो. जितका वेळ झेलला जाईल तितके थर चढतात. मोठी गार मधोमध फोडून पाहा, कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. झेलणारा वारा कमी पडला की गार खाली.

मोसमी पावसाचे ढग वेगळ्या जातीचे. जमीन निवलेली, हवा दमट, वर उसळणारा जोर कमी. म्हणून आषाढात दिवसभर झड लागते पण गार पडत नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात पडलेल्या गारांनी गहू, हरभरा, द्राक्षं, डाळिंबं आडवी केली होती. त्या वर्षी पोरांनी गारा वेचल्या नाहीत.

पहिल्या पावसाच्या मातीला वास कुठून येतो?

मातीला म्हणतो खरं, पण वास तीन-चार गोष्टींचा मिळून असतो.

पहिली म्हणजे मातीत राहणारे स्ट्रेप्टोमायसीस नावाचे जिवाणू. ते एक पदार्थ तयार करतात, त्याचं नाव जिओस्मिन. आपलं नाक एरवी कुत्र्या-मांजरांपुढे काहीच नाही, पण जिओस्मिनच्या बाबतीत ते भलतंच तिखट आहे: हवेच्या एक लाख कोटी भागांत याचे पाच-दहा भाग असले तरी ओळखतं. बिटाला जो मातकट वास येतो तोही याचाच. तळ्यातल्या माशाला कधी कधी चिखलाचा वास मारतो, तोही. म्हणजे एकच वास. मातीला आला तर कविता, माशाला आला तर भांडण.

दुसरी गोष्ट वनस्पतींची तेलं. कोरड्या दिवसांत ती झिरपून दगड-मातीवर साचत जातात. 1964 साली इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी दगडांतून हे तेल वेगळं काढलं आणि या वासाला ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं. दगड आणि ग्रीक देवांच्या नसांतून वाहणारा द्रव अशा दोन ग्रीक शब्दांचा तो जोड. गंमत अशी की त्यांच्या आधी कितीतरी वर्षं उत्तर प्रदेशात कन्नौजचे अत्तरवाले हा वास कुपीत भरत होते. भाजलेल्या मातीच्या चकत्या तांब्याच्या भांड्यात उकळायच्या, वाफ चंदनाच्या तेलात उतरवायची, की झालं मिट्टी अत्तर. त्या शोधनिबंधातही या अत्तराचा उल्लेख आहे.

तिसरा प्रश्न, हा वास जमिनीवरून नाकात चढतो कसा? 2015 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी थेंब पडतानाचं अतिवेगवान चित्रण केलं. सच्छिद्र मातीवर थेंब आपटला की त्याच्या खाली हवेचे बुडबुडे अडकतात, ते सोडावॉटरसारखे वर येऊन फुटतात आणि बारीक तुषार उडतात. वास त्यांच्यावर बसून येतो. रिमझिम आणि मध्यम सरींत हे जास्त होतं, धो धो पावसात कमी. म्हणूनच तिसऱ्या दिवशीच्या मुसळधार पावसाला तो वास नसतो. शिवाय साठलेला माल पहिल्याच सरींत संपलेला असतो.

पण जिवाणूंना वास सोडून काय मिळतं?

वाहन मिळतं. मातीत टाचणीच्या टोकाएवढे, उड्या मारणारे सहा पायांचे जीव असतात. ते या वासावर येतात, जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगाला चिकटवून, पोटातून नेऊन दुसरीकडे पसरवतात. 2020 साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. आपण मध्येच उभे राहून लांब श्वास घेतो, पण आमंत्रण आपल्याला नव्हतं.

काजवे कधी आणि कुठे बघावेत?

मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. वळवाच्या एक-दोन सरी होऊन गेलेल्या हव्यात, पण झड लागायच्या आत. अमावास्येच्या आसपासची रात्र उत्तम. भंडारदरा-घाटघरचा परिसर, पुरुषवाडी, राजमाची, प्रबळमाची ही नावं सगळ्यांना माहीत झाली आहेत. सह्याद्रीच्या कुशीतलं कुठलंही गाव चालतं, जिथे जुनी झाडं आहेत आणि रस्त्यावर दिवे नाहीत. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, आंबा यांच्यावर ते जास्त दिसतात.

ते चमकतात का? आणि हात भाजत कसा नाही?

काजवा हा भुंग्याच्या कुळातला किडा. त्याच्या पोटाच्या शेवटच्या भागात लुसिफेरिन नावाचं रसायन असतं. लुसिफरेज या विकराच्या मदतीनं त्याचा ऑक्सिजनशी संयोग झाला की उजेड पडतो, उष्णता जवळजवळ नाही. आपला जुना पिवळा बल्ब याच्या बरोबर उलटा, उजेड थोडा आणि चटकाच जास्त.

उडत लुकलुकतो तो नर. मादी फांदीवर किंवा गवतावर बसून त्याला उत्तर देते. प्रत्येक जातीची लुकलुकण्याची लय वेगळी, त्यावरून आपलं माणूस ओळखायचं. एका झाडावर हजारो जमले की शेजाऱ्याचं पाहून प्रत्येक जण आपली लय थोडी पुढे-मागे करतो, आणि बघता बघता आख्खं झाड एकदम पेटतं, एकदम विझतं. पहिल्यांदा पाहणारा माणूस गप्प होतो. ‘डोळ्यांसमोर काजवे चमकले’ असं आपण झणझणीत मार खाल्ल्यावर म्हणतो. ज्यानं हे झाड पाहिलं त्याला ती उपमा देताना जरा जड जातं.

आता नावडता भाग. पंखवाला काजवा दोन-तीन आठवडेच जगतो. त्याआधी एक-दोन वर्षं तो पाचोळ्याखाली अळी म्हणून काढतो, गोगलगायी खातो. अळीही चमकते. एवढी वाट पाहून मिळालेले ते पंधरा-वीस दिवस, आणि त्यात आपण गाडीचे हेडलाइट लावून उभे राहिलो, मोबाइलचा फ्लॅश मारला, तर नराला मादीचं उत्तर दिसणारच नाही. मी एकदा एका झाडाजवळ 40 गाड्या मोजल्या. झाड अंधारंच होतं. लोक गाइडवर चिडले. बॅटरी हवीच असेल तर तिला लाल जिलेटीन कागद बांधा आणि खाली धरा. बाटलीत भरून नेऊ नका. पायवाट सोडू नका, कारण पुढच्या वर्षीचे काजवे तुमच्या बुटांखालच्या पाचोळ्यात आहेत.

मिरगाचा किडा हा किडा आहे ना?

नाव किडा, पण पाय मोजा: आठ. म्हणजे तो कोळी-विंचवाच्या गोतावळ्यातला. लाल मखमलीचा तुकडा चालत असावा असा दिसतो. संस्कृतात त्याला इंद्रगोप असं फार देखणं नाव आहे.

वर्षभर तो जमिनीत असतो. पहिला दमदार पाऊस झाला की सकाळच्या वेळी ओल्या रानात वर येतो. नेमका त्याच वेळी का, याचं उत्तर खाण्यात आणि लग्नात आहे. तेव्हाच वाळवी आणि बाकीचे बारीक किडे बाहेर पडतात, आणि याचीही जोडीदार शोधायची घाई असते. त्याची पिल्लं सहा पायांची असतात आणि नाकतोड्यांसारख्या कीटकांच्या अंगाला चिकटून त्यांचा रस पितात, मोठेपणी मात्र तो मोकळा शिकारी. लाल रंग म्हणजे पाटी: मी बेचव आहे, नादी लागू नका. पक्षी ती पाटी वाचतात. माणसं वाचत नाहीत, औषधी म्हणून गोळा करून विकतात. आम्ही लहानपणी काडेपेटीत ठेवायचो आणि सकाळी तो मेलेला असायचा, ही चूक माझ्या नावावर किमान दहा वेळा आहे.

‘पेरते व्हा’ म्हणणारा पक्षी कोण? आणि चातक तोच का?

दोन वेगळे. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असा आवाज चढवत जाणारा तो पावशा. दिसतो शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखा, त्यामुळे छोटे पक्षी घाबरून घरटं सोडतात आणि पावशाची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं टाकून जाते. पुढचं पालनपोषण सातभाईंकडे. शेतकऱ्याला कामाला लावणारा हा पक्षी स्वतः एक काडी उचलत नाही.

चातक काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. मोसमी वाऱ्यांच्या पुढे-मागे तो आफ्रिकेतून आपल्याकडे येतो, त्यामुळे चातक आला की पाऊस आला हे निरीक्षण खणखणीत बरोबर. तो फक्त आभाळातून पडणारे थेंब पितो, हे मात्र कवींचं. केसाळ सुरवंटं खाऊन त्याचं भागतं. आणि हो, अंडी तोही सातभाईंच्याच घरट्यात घालतो. या महिन्यात सातभाई एवढा कलकलाट का करतात, याचं एक कारण मला हेच वाटतं.

पहिल्या पावसात डबक्यात पिवळेजर्द बेडूक दिसले. विषारी असतात का?

मुळीच नाही. आपलाच मोठा बेडूक. एरवी हिरवट-तपकिरी असतो, पण लग्नाच्या हंगामात नर हळदीसारखे पिवळे होतात, गळ्याशी निळ्या पिशव्या फुगवतात आणि ओरडून ओरडून माद्यांना बोलावतात. काही दिवसांत रंग उतरतो. उन्हाळाभर ते जमिनीत गाडून घेऊन निपचित पडलेले असतात, आभाळातून पडत नाहीत. गोव्यात याच दिवसांत त्यांना ‘जंपिंग चिकन’ म्हणून पकडतात. ते कायद्यानं बंद आहे, तरी चालतं.

कोकणात याच सुमाराला वलगणीचे मासे चढतात. नदीला लोंढा आला की गाबोळीनं भरलेले मासे उलट्या धारेनं ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरात शिरतात, कारण तिथे पाणी उथळ, ऊबदार आणि पिल्लांना खायला भरपूर. लोक रात्री बत्ती-कोयता घेऊन निघतात. चव मी नाकारणार नाही, पण पकडलेल्या एका मादीबरोबर हजारो मासे तव्यावर जातात.

दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांचा खच का पडतो?

ती वाळवी. नव्या वसाहती वसवायला निघालेले राजे-राण्या. जमीन मऊ असते म्हणून पावसानंतरचीच संध्याकाळ निवडतात. घरातले दिवे वीस मिनिटं बंद करा, निघून जातात.

2020 मध्ये लोणारचं पाणी गुलाबी कसं झालं होतं?

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार हे उल्का आदळून झालेलं सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर, तेही काळ्या बेसॉल्ट खडकातलं. जगात असं क्वचितच सापडतं. आतलं पाणी खारट आणि अल्कधर्मी. जून 2020 मध्ये पाणी आटून खारटपणा वाढला होता, तेव्हा मीठ आवडणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांची गर्दी झाली. त्यांच्या अंगात गुलाबी रंगद्रव्य असतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले. पाणी तसंच ठेवलं तर गुलाबी गाळ तळाशी बसून वरचं पाणी निवळ होतं, म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच. पाऊस पडल्यावर गुलाबी झाक गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. लॉकडाऊनमुळे निसर्ग शुद्ध झाला वगैरे जे मेसेज फिरले, ते तुमच्याकडे अजून असतील तर पुसून टाका.

नाणेघाटात धबधबा उलटा वाहतो, तो गुरुत्वाकर्षणाला कसा फसवतो?

फसवत बिसवत नाही. कोकणाकडून आलेला वारा सरळ उभ्या कड्यावर आदळतो, त्याला पुढे वाट नसते, म्हणून तो वर उसळतो. धार बारीक आणि वारा जोराचा असेल तर पाणी वरच्या वर तुषार होऊन परत माथ्यावर येतं. वारा पडला की मुकाट्यानं खाली. आंबोलीजवळ कावळेसादलाही हेच दिसतं. कड्याच्या टोकाला जाऊन रील काढू नका, तो वारा एकाएकी थांबतो.

एवढं भिजत तिथे गेलाच आहात, तर घाटातल्या लेण्यात शिरा. सुमारे 2000 वर्षांपूर्वीचा सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख भिंतीवर आहे. यज्ञांत किती गायी, किती हत्ती, किती नाणी दान दिली याची जंत्री आहे ती, आणि त्यात आकडे कोरलेले आहेत. आपण आज लिहितो त्या अंकांचे फार जुने पूर्वज. जवळच जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण आहे. शंभरातले नव्वद लोक धबधब्याचा फोटो काढून इथूनच माघारी फिरतात.

भीमाशंकरच्या जंगलात रात्री लाकडं चमकतात म्हणे. भुताटकी?

बुरशी. मायसीना गटातली. संततधार पावसात कुजक्या लाकडावर वाढते आणि फिकट हिरवी उजळते. काजव्यासारखंच रसायन-ऑक्सिजनचं काम, पण रसायन वेगळं आणि लुकलुक नाही, सलग मंद उजेड. गोव्याच्या म्हादई अभयारण्यातही दिसते. फोटोत दिसते तशी झगझगीत डोळ्यांना दिसत नाही. बॅटरी विझवून पंधरा-वीस मिनिटं अंधारात थांबावं लागतं. रात्री अभयारण्यात जायला वनखात्याची परवानगी लागते, ती घ्या. माझ्या आजोळी याला ‘चकवा’ म्हणायचे आणि त्या वाटेनं कुणी जायचं नाही. त्यामुळे ती लाकडंही तिथेच राहिली.

इंद्रधनुष्य दुपारी का दिसत नाही?

कारण त्याचं केंद्र नेहमी तुमच्या डोक्याच्या सावलीच्या जागी असतं आणि कमान तिथून 42 अंशांवर. सूर्य 42 अंशांपेक्षा वर असेल तर आख्खी कमान क्षितिजाखाली जाते. जूनमध्ये आपल्याकडे सूर्य त्याच्या खाली येतो दुपारी चारच्या सुमाराला. सोपी खूण म्हणजे स्वतःची सावली. ती आपल्या उंचीपेक्षा लांब पडायला लागली आणि ऊन-पाऊस एकदम आला, की सूर्याकडे पाठ करून पूर्वेला बघा. चारच्या आधी आला तर भजी तळायला घ्या.

आणि इंद्रवज्र? हरिश्चंद्रगडावर पूर्ण गोल दिसतं म्हणतात.

दिसतं, नशीब असेल तर. सकाळची वेळ, कोकणकड्याच्या टोकापाशी तुम्ही, पाठीमागे नुकता वर आलेला सूर्य आणि समोर खाली दरीत ढग भरलेले. तुमची सावली त्या ढगांवर पडते आणि डोक्याभोवती रंगीत वलय उमटतं. हे इंद्रधनुष्यापेक्षा पुष्कळ लहान असतं आणि पावसाच्या थेंबांनी होत नाही. ढगातले अतिसूक्ष्म जलकण प्रकाश उलट आपल्याच दिशेनं परतवतात, त्यामुळे होतं. विमानातून खाली ढगांवर विमानाच्या सावलीभोवतीही दिसतं, खिडकी सूर्याच्या विरुद्ध बाजूची घ्यावी लागते.

मी दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा आम्ही सहा जण ओळीनं उभे होतो. ‘वलय माझ्या डोक्याभोवती आलंय’ असं मी म्हणालो, तर शेजारचा म्हणाला, ‘काहीतरीच काय सर, माझ्या डोक्याभोवती आहे.’ सहाही जण तेच म्हणत होते.